अंडी राखतो तो बाप

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मातृदिनाच्या रविवारी आपल्या पुरवणीत ‘समुद्रातल्या माउल्या’ म्हणून एक चौकट आली होती. वर तीन रंगीत फोटो. पहिला निमो (नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असतो तो क्लाउनफिश), दुसरा समुद्री घोडा, तिसरा शिंगाळा (समुद्रातला मिशावाला मासा). निमोच्या फोटोखाली लिहिलंय, ही आई रात्रंदिवस पंख हलवून अंड्यांना वारा घालते. घोड्याखाली, ही आई पोटाच्या पिशवीत पिलं वाढवते. शिंगाळ्याखाली, ही आई अंडी तोंडात धरून उपाशी राहते. माहिती खोटी नाही. फक्त तिन्ही ठिकाणी ‘आई’च्या जागी ‘बाप’ पाहिजे होतं. तीनपैकी तीन चुकले! डोळे मिटून चिठ्ठी उचलली असती तरी एखादं बरोबर निघालं असतं की हो.

चहा पिताना वाचलं आणि कप खाली ठेवला. लेकाला म्हटलं, मी पेपरला पत्र लिहिणार. तो म्हणाला, “अगं आई, माशांचं कोण एवढं मनावर घेतंय? असू दे की.” असू देत नाही. का देत नाही ते सांगण्यासाठी थोडी माझी ओळख द्यावी लागेल.

मी ३१ वर्षं बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सरकारी नोकरीत नर्स होते. नंदगड, जांबोटी, शेवटी कणकुंबीच्या बाजूला. पावसाळ्यात तिकडचे ओढे भरले की बाळंतिणीला घोंगड्याच्या झोळीतून आणायचे. किती बाळंतपणं केली तो आकडा माझ्या वहीत आहे, इथं मिरवत नाही. पण त्या नोकरीत बाप हा प्राणीही मी पुष्कळ पाहिला. व्हरांड्यात बसून बिड्या ओढणारा पाहिला, आणि भर आषाढात कमरेएवढ्या पाण्यातून झोळीचं पुढचं टोक खांद्यावर घेऊन आलेला, मी दार लावून घेतल्यावर बाहेर ओल्या अंगानं रात्रभर उभा राहिलेलाही पाहिला. मातृदिनाच्या पुरवणीत या दुसऱ्याला जागा नाही, ते मला समजतं. पण निदान त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर तरी चढवू नये.

निवृत्त झाले तशी बेळगावच्या शहापुरात लेकाच्या ॲक्वेरियमच्या दुकानात दुपारी गल्ल्यावर बसते. गिऱ्हाइकं मला अज्जी म्हणतात. दुकानात गप्पी, मॉली, एंजल, फायटर असले गोड्या पाण्यातले मासे जास्त. खाऱ्या पाण्याची टाकी एकच, पण आल्या-गेल्याचे डोळे तिच्यावर. समुद्र इथून चोर्ला घाट उतरून शंभर-सव्वाशे किलोमीटर, तेव्हा आमचा समुद्र आम्हीच करतो. राकसकोप धरणाचं नळाला येणारं पाणी आरओमधून काढायचं, त्यात लिटरमागं साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ विरघळवायचं (स्वयंपाकातलं नव्हे, ते वेगळं येतं आणि महाग येतं), आणि बेळगावच्या थंडीत हीटर रात्रंदिवस चालू ठेवायचा. पाणी २६-२७ अंशांखाली गेलं की मासे रुसून बसतात.

२०१९ साली लेकानं एका होलसेलवाल्याकडून तीन निमो आणले. नखाएवढे. होलसेलवाल्यानं शपथेवर सांगितलं की दोघांची जोडी आहे, हा नर, ही मादी. जोडीचे म्हणून जादा पैसे घेतले, तिसरा वर टाकला. आता कळतं की त्या वयाच्या निमोत मादी नसतेच. या माशाचं प्रत्येक पिलू पुढं आधी नर व्हायच्या वाटेवर असतं. त्याच्या अंगात वृषण आणि अंडाशय दोन्हींचा अंश असतो, अंडाशयाचा भाग निजलेला. ज्याची पाळी येईल त्याचाच तो जागा होतो. मी ३१ वर्षं बाळ बाहेर आलं की पहिल्यांदा ‘मुलगा की मुलगी’ तेवढं सांगत आले. इथं तो प्रश्नच विचारायची सोय नाही. बाहेर वाट बघणाऱ्या सासूला काय सांगणार, “थांबा, अजून ठरायचंय”?

माझ्या धाकट्या नातवानं तिघांची नावं ठेवली. सगळ्यात मोठी वाढली ती राणी, मधला राजा, आणि कोपऱ्यात ढकललेला बारका तो शिपाई. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला ही टाकी लगेच समजते. इथं सगळा कारभार सेवाज्येष्ठतेवर चालतो. सगळ्यात मोठी एकटी मादी. दुसऱ्या नंबरचा तिचा नवरा. बाकीचे कितीही असोत, ते वयात येत नाहीत, अंडी-पिलांच्या भानगडीत पडत नाहीत, नुसते रांगेत उभे. वरची जागा रिकामी झाली की प्रत्येकाला एक पायरी बढती. मादी गेली तर तिचा नवरा स्वतः मादी होतो आणि तिसऱ्या नंबरचा नवरा होतो. हे हान्स फ्रिके आणि सिमोन फ्रिके या जर्मन संशोधकांनी १९७७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं. माझी मोठी नात बी.एस्सी.ला आहे, तिनं मला वाचून दाखवलं.

त्याहून मजेची गोष्ट २००३ साली पीटर बस्टन या संशोधकांनी दाखवली. रांगेतला मासा मुद्दाम आपली वाढ आवरतो. वरच्याच्या बरोबरीला आला तर वरचा त्याला बडवून हाकलून देणार, आणि ज्या समुद्रफुलात (सी ॲनिमोन) हा मासा राहतो त्याच्या बाहेर त्याला कोणीही खातं. तेव्हा पोटभर खायला मिळालं तरी वरच्यापेक्षा ठराविक मापानं लहानच राहायचं. आमच्या खात्यात असले दोघे-तिघे होते. साहेबापेक्षा चांगलं इंग्रजी येत असून साहेबासमोर अडखळत बोलायचे.

समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, तोही प्राणीच. त्याच्या बोटांसारख्या तंतूंना विषारी डंख असतो. निमोच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळं त्याला तो लागत नाही, म्हणून तो त्यातच घर करतो. आमच्या टाकीत समुद्रफूल दोनदा आणलं, दोनदा मेलं. मग मी खानापूरहून आणलेली मातीची कुंडी, लाल, बिनचकाकीची, आडवी करून आत ठेवली. खानापूरची माती मडक्यांसाठी नावाजलेली आहे. निमोंना समुद्रफुलाऐवजी ती चालली. तिघे तिच्या तोंडाशी राहायला लागले.

२०२१ मध्ये एका दुपारी गल्ल्यावर बसले असताना बघते तर राजा कुंडीच्या आतल्या बाजूला तोंडानं घासतोय. शेवाळाचा कण दिसला की उचलायचा, लांब नेऊन थुंकायचा, परत यायचा. असं दोन दिवस. बाळंतिणीची खोली सारवावी तसं. मधूनच राणी येऊन तपासल्यासारखी एक-दोनदा टोचायची. तिचं पोट गच्च भरलेलं, आणि पोटाखाली तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी पांढरी नळी बाहेर आलेली. ती नळी बघितल्यावर मी लेकाला हाक मारली. कळा सुरू झाल्या हे सांगायला मला पुस्तक लागत नाही.

सव्वातीनला सुरू झालं. घड्याळ बघायची सवय जात नाही. राणी कुंडीच्या भिंतीला पोट टेकवून, अंग थरथरवत, इंच-इंच पुढं सरकते. मागं नारिंगी दाण्यांची एक ओळ उमटते. ती वळते, तिच्या शेजारून दुसरी ओळ. आणि तिच्या मागोमाग, तीच वाट पोटानं घासत राजा. तो त्या दाण्यांवर आपलं बीज सोडत जातो, ते दिसत नाही, पण त्याची चाल दिसते. ती पुढं, तो मागं, पुन्हा ती, पुन्हा तो. ना घाई, ना भांडण. शिपाई पार दुसऱ्या कोपऱ्यात हीटरमागं. पावणेपाचला राणी बाजूला झाली आणि खायला मागू लागली. नातीनं फोटो काढून त्यावर चौकोन आखून अंडी मोजली, चारशेच्या आसपास भरली. उभी, कॅप्सूलसारखी, एका टोकानं कुंडीला चिकटलेली.

आता आपल्या चौकटीतला मुद्दा. त्या क्षणापासून पुढचे सात दिवस अंड्यांपाशी होता तो राजा. गळ्याजवळची पाखं हलवून त्यांच्यावर पाणी सोडत राहायचं, कारण पाणी हललं नाही तर अंड्यांना प्राणवायू पुरत नाही. मधूनमधून तोंडानं एकेक अंडं चोखल्यासारखं पुसायचं. पांढरं पडलेलं, बुरशी धरलेलं अंडं खाऊन टाकायचं, म्हणजे शेजारच्यांना लागण नको. (आमच्या वॉर्डात हा नियम एवढ्या कडक पाळला असता तर!) राणी काय करायची? टाकीभर हिंडायची, काचेवर कोणी बोट ठेवलं की धावून यायची, तासा-दोन तासांनी एक फेरी कुंडीकडं मारायची. म्हणजे ती आळशी नव्हे. पहारा तिचा, आणि पुढच्या पंधरवड्याच्या अंड्यांसाठी पोट भरायचं तेही तिचंच. ही जोडी एकदा मांडली की पंधरा दिवसांच्या आसपासानं पुन्हा अंडी घालते. पण पंखा हलवणारा बाप. आपल्या फोटोतसुद्धा नीट बघा, अंड्यांवर वाकलेला मासा बाजूच्या माशापेक्षा लहान आहे. लहान तो नर. फोटोच सांगतोय, मथळा ऐकत नाही.

पहिल्या दिवशी अंडी नारिंगी. चौथ्या दिवशी काळपट. सहाव्या दिवशी प्रत्येक अंड्यात दोन चांदीचे ठिपके, ते पिलाचे डोळे. कुंडीत बॅटरी मारली की चारशे पिलं एकदम तुमच्याकडं बघतात. आणि मग काहीच नाही. सातवा दिवस गेला, आठवा गेला, नवव्या दिवशी अंडी मलूल पडली आणि राजानं ती खाऊन टाकली. पुढच्या वेळी तसंच. त्याच्या पुढं तसंच. लेक म्हणाला मिठाचं चुकत असेल, नात म्हणाली अन्नाचं. मी गप्प. दिवस भरलेत, ठोके आहेत आणि सुटका होत नाही, अशा वेळी आम्ही तालुक्याला गाडी बोलवायचो. इथं कुठं बोलवणार?

मध्येच आमची राणी गेली. २०२२ च्या दसऱ्याआधी लेकानं टाकी पुसायला वरची काच सरकवली आणि ती तशीच राहिली. सकाळी शटर उघडलं तर राणी टाकीमागं फरशीवर, वाळलेली. त्या दिवशी लेक जेवला नाही, मी काही बोलले नाही.

पुढचं मी रोज बघितलंय म्हणून लिहिते. राजा दोन दिवस कुंडीच्या बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी आला. राणी जिवंत असताना ती जवळ आली की राजा अंग एका बाजूला झुकवून थरथरायचा. ती त्यांची सलामी, ‘मी तुझ्या खालचा’ असं सांगायची रीत. आता सलामी घेणारं कोणी उरलं नव्हतं. आठवडाभरात बघते तर शिपाई हीटरमागून बाहेर आलाय, राजासमोर आडवा होतोय, आणि थरथरतोय. राजा एकदासुद्धा थरथरला नाही. काचेवर बोट ठेवलं तर धावून आला. वागणूक सगळी राणीची झाली, शरीर अजून राजाचंच. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनीही २०१९ साली हेच दाखवलंय की या माशात आधी मेंदू आणि वागणं मादीचं होतं, अंडाशय मागाहून, कित्येक महिन्यांनी तयार होतं. माणूस खुर्चीवर आधी बसतो, ऑर्डर मागाहून येते, तसं.

राजा वाढत गेला. शिपाईही वाढला, मापानंच. २०२३ च्या श्रावणात, नागपंचमीच्या आसपास, राजाच्या पोटाखाली ती पांढरी नळी दिसली. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. राजाला ओळखण्यात चूक होणार नाही, त्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यात डाव्या अंगाला एक काळा तीळ आहे. ज्यानं दोन वर्षांपूर्वी कुंडीत राणीच्या मागं फिरून अंड्यांवर बीज सोडलं, ज्यानं सात-सात दिवस पंखा हलवला, तोच आता पोट टेकवून नारिंगी ओळी घालत होता. मागं शिपाई. अंडी घालून झाल्यावर राजा बाजूला झाला आणि खायला मागू लागला. पंख्याची पाळी शिपायावर. धाकट्या नातवानं विचारलं, “आज्जी, आता राजाला काय म्हणायचं?” मी म्हटलं, राजाच म्हणायचं. नाव बदलायला गॅझेटात द्यावं लागतं.

एकदा गोकाकचं एक गिऱ्हाईक टाकीसमोर उभं राहून विचारतंय, “अज्जी, गंडु यावुदु, हेण्णु यावुदु?” म्हणजे नर कुठला, मादी कुठली. मी म्हटलं, यंदाचं सांगू की २०२१ चं? त्याला वाटलं मला ऐकू येत नाही, त्यानं पुन्हा मोठ्यानं विचारलं.

उलटा रस्ता मात्र नाही. एकदा मादी झालेला निमो परत नर होत नाही. आणि असं का, याचाही हिशेब सोपा आहे. फुलात अंडी घालायची जागा एकाच जोडप्याला. मोठ्या पोटात अंडी जास्त मावतात, बीज सोडायला मोठं अंग लागत नाही. मग सगळ्यात मोठ्यानं मादी होण्यातच घराचा फायदा. पोपटमाशांसारख्या काही माशांत बरोबर उलट असतं, तिथं मोठा नर बऱ्याच माद्या राखतो, म्हणून तिथं मादीचा नर होतो. तेही फोटो आपण कधीतरी छापाल, तेव्हा कृपया विचारून छापा.

आता ती सुटका न होण्याची गोष्ट. २०२४ चा मे महिना. अंड्यांचा सातवा दिवस, डोळे चमकत होते. संध्याकाळी साडेसातला वळीव आला, असा आला की समोरच्या पत्र्याचा तुकडा आमच्या पायरीवर. करंट गेला. दुकानातली बॅटरीवरची हवेची मोटर तेवढी लेकानं टाकीला लावली, बाकी मिट्ट काळोख. आमच्या टाकीवरचा दिवा एरवी रात्रभर चालू असायचा, रस्त्यावरून जाणाऱ्याला जाळीच्या शटरमधून मासे दिसावेत म्हणून. पाच वर्षांत त्या टाकीनं पूर्ण काळोख बघितला नव्हता. पाऊस थांबायची वाट बघत आम्ही दोघं शेंगा खात बसलो. नऊच्या सुमारास मी सहज बॅटरी मारली.

पाण्यात धूळ उडाल्यासारखं दिसलं. मग त्या धुळीला डोळे दिसले. पापणीच्या केसाच्या तुकड्याएवढं अंग, आरपार दिसणारं, आणि पुढं दोन चांदीचे ठिपके. शेकड्यांनी. बॅटरी डावीकडं नेली की सगळी डावीकडं, उजवीकडं नेली की उजवीकडं. कुंडीत शिपाई अजून जोरजोरात पंख मारत होता आणि उरलेली अंडी त्या झोतात एकेक करून फुटत होती. पिलू शेपटीकडून सुटायचं आणि वर उसळायचं. मी लेकाला म्हटलं, “दिवा! मेल्या, तुझा दिवा नडत होता!” जाळी लावली तर असलं पिलू मरतं, म्हणून मगानं पाण्यासकट उचलून टबात घेतली. रात्री एकला लाईट आली तेव्हा दोघांचे हात मिठानं पांढरे झाले होते.

नातीनं नंतर शोधून काढलं की २०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हेच करून बघितलं होतं. रात्रीही उजेडात ठेवलेली या माशाची अंडी बापानं नीट राखूनसुद्धा एकही फुटली नाहीत. उजेड काढल्यावर फुटली. पिलाला काळोख पडला हे कळावं लागतं, कारण समुद्रात उजेडी बाहेर पडलं तर ते लगेच कोणाच्या तरी तोंडात जाणार. आमच्या तीन वर्षांच्या अंड्यांचा जीव एका ट्यूबलाईटनं घेतला, आणि आम्ही मिठाला दोष देत होतो.

त्या रात्रीची पिलं चार दिवसांत सगळी मेली. त्यांना रोटिफर नावाचे डोळ्यांना न दिसणारे जीव खायला लागतात आणि ते आमच्याकडं नव्हते. पुढच्या खेपेला लेकानं चेन्नईच्या ओळखीनं ते मागवले, गच्चीवर बादल्यांत हिरवं पाणी करून वाढवले. त्यातली नऊ जगली. अकराव्या-बाराव्या दिवशी काळपट अंगावर डोळ्यामागं पहिला पांढरा पट्टा उमटतो, तो दिवस मी वहीत लिहून ठेवलाय, बाळंतपणांच्याच वहीत, शेवटच्या पानावर. लक्षद्वीप-अंदमानच्या समुद्रात पिलं एवढे दिवस पाण्याबरोबर वाहत असतात आणि मग वासावरून आपल्याजोगतं समुद्रफूल शोधतात. आमच्या नऊजणांना कुंडीचाच दुसरा तुकडा मिळाला.

बाकीच्या दोन फोटोंवर थोडक्यात. समुद्री घोड्यात मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत घालते. पुढं अंड्यांत बीज मिसळणं, त्यांना प्राणवायू पुरवणं, पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण सांभाळणं, आणि दोन-चार आठवड्यांनी अंग वाकवून, कळा देऊन पिलं बाहेर टाकणं, सगळं नराकडं. जोडी रोज सकाळी भेटते, शेपट्या गुंफते, रंग बदलते, मग आपापल्या वाटेला लागते. मला याविषयी लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या वर्षी एकजण दुकानात वाळवलेला समुद्री घोडा घेऊन आला होता. घरात मूल होत नाही, याची पूड दुधातून बायकोला देऊ का, म्हणून विचारत होता. कोणीतरी जत्रेत बऱ्याच पैशाला विकलेला. मी सांगितलं की पहिलं म्हणजे याच्यानं मूल होत नाही. दुसरं, २००१ साली हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातला गेला, वाघ आहे त्याच यादीत, पिशवीत घेऊन हिंडू नका. आणि तिसरं, तुमच्या हातातल्याच्या पोटाला पिशवी आहे, म्हणजे तो नर आहे. तेव्हा तपासणीला बायकोबरोबर तुम्हीपण जा. तो तिसरं ऐकून जास्त रागावला.

शिंगाळा तर आपल्या कॅम्पच्या मासळी बाजारात येतो. पूर्वी वेंगुर्ल्याकडच्या एका मासेवालीनं माझ्यासमोर एकाचं तोंड उघडलं तर आत गोट्यांएवढी अंडी. ती म्हणाली, “दुसऱ्याची खाल्लीन, मेल्यान.” खाल्ली नव्हती. शिंगाळ्याचा नर बायकोची अंडी तोंडात घेऊन आठवडेच्या आठवडे काही न खाता राहतो. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पर्ससीनच्या, म्हणजे माशांचा थवाच वेढून घेणाऱ्या, जाळ्यांत असे तोंड भरलेले नर ढिगांनी सापडले आणि नंतर शिंगाळा कमी झाला, याची नोंद मत्स्यसंशोधकांनी केलेली आहे. त्या दिवशी मी तो घेतला नाही. मासेवाली चिडली, तिचं बरोबरच होतं.

तेव्हा माझी विनंती एवढीच की येत्या रविवारी त्याच जागेवर, तेवढ्याच आकारात दुरुस्ती छापावी. आतल्या पानावर तळाशी दोन ओळींची नको. सोबत आमच्या टाकीचा एक फोटो पाठवते आहे, हवा तर वापरा, पैसे नकोत. फोटोच्या मागं पेनानं खुणा केल्यात. कुंडीत अंड्यांवर वाकलेला लहान तो शिपाई, म्हणजे बाप. बाहेर काचेकडं तोंड करून आहे ती आई. तिच्या मधल्या पट्ट्यात डाव्या अंगाला तीळ दिसेल. छपाईत तो पुसला जाणार नाही एवढं बघा.

आज अंड्यांचा सातवा दिवस आहे. दिवा सहालाच काढायला सांगितलाय.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
शहापूर, बेळगाव